विश्लेषण : पोपचा लाल केप की साधा पांढरा झगा? ख्रिस्ती धर्मगुरूंच्या पोशाखावरून इतका वाद का होतो?

पोप लिओ चौदावे ८ मे २०२५ रोजी पहिल्यांदा लोकांसमोर आले, तेव्हा त्यांच्या तोंडून पहिला शब्द निघण्याआधीच त्यांच्या कपड्यांवर चर्चा सुरू झाली होती. खांद्यावरचा लाल केप बघून काहींना आनंद झाला, तर काहींना धक्का बसला. एका कापडावरून नव्या पोपची धोरणे ठरवणे कितपत बरोबर? ख्रिस्ती धर्मगुरूंचे हे कपडे आले कुठून, त्यांचा अर्थ काय आणि त्यांच्याकडे बघताना नेमकी गल्लत कुठे होते?

बाल्कनीत नेमके काय दिसले?

बारा वर्षांपूर्वी, १३ मार्च २०१३ रोजी पोप फ्रान्सिस याच बाल्कनीत आले तेव्हा त्यांच्या अंगावर फक्त पांढरा झगा होता. आशीर्वाद देण्यापुरता त्यांनी गळ्यात नक्षीदार स्टोल घातला आणि नंतर काढून ठेवला. लाल केप त्यांनी नाकारला. ‘आता सोंगे पुरे’ अशा आशयाचे एक वाक्य तेव्हा त्यांच्या तोंडी घालून जगभर फिरवले गेले. ते खरोखर तसे बोलल्याचा पुरावा मात्र नाही.

लिओ यांनी जुनी पद्धत पुन्हा स्वीकारली. पांढरा झगा, त्यावर पातळ पांढरे वस्त्र, त्यावर लाल केप आणि गळ्यात भरतकाम केलेला स्टोल. पायांत मात्र फ्रान्सिस यांच्यासारखेच काळे बूट. काही मिनिटांतच दोन्ही पोपचे फोटो शेजारी शेजारी ठेवून समाजमाध्यमांवर निकाल लागला : फ्रान्सिस साधे, लिओ परंपरावादी. हा निकाल घाईचा होता. त्यात दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झाली होती.

कपड्यांचे दोन प्रकार कोणते?

कॅथलिक धर्मगुरूंच्या कपड्यांचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. पहिला, मिस्सा आणि इतर उपासनेच्या वेळी घालायचा. दुसरा, एरवी किंवा समारंभात वावरताना घालायचा.

पहिल्या प्रकारात आल्ब म्हणजे पायघोळ पांढरा अंगरखा, स्टोल म्हणजे गळ्यातला लांब पट्टा आणि चॅझुबल म्हणजे सगळ्यांत वरून घातले जाणारे, अंग झाकणारे घोळदार वस्त्र येते. वसईत, गोव्यात किंवा मुंबईच्या एखाद्या चर्चमध्ये रविवारी वेदीपाशी उभ्या असलेल्या फादरच्या अंगावर हेच दिसते. गावच्या फादरचा चॅझुबल आणि पोपचा चॅझुबल यांचा घाट एकच असतो. फरक असेल तो कापडाचा आणि भरतकामाचा.

दुसऱ्या प्रकारात रोजचा झगा, म्हणजे कॅसक येतो. युरोपात तो बहुधा काळा, आपल्यासारख्या उष्ण प्रदेशांत पांढरा. पोपचा लाल केप, ज्याला मोझेट्टा म्हणतात, तोही याच प्रकारातला. मिस्सेत तो लागत नाही. तो पद दाखवतो. साधेपणावरचे बहुतेक वाद या दुसऱ्या प्रकारावरून होतात, पण त्यात पहिल्या प्रकारालाही विनाकारण ओढले जाते.

हे कपडे मुळात कुणाचे होते?

हे कपडे मुळात कुणा पुरोहितांचे नव्हतेच. रोमन साम्राज्यातली सर्वसामान्य माणसे लांब अंगरखा घालत. प्रवासात, थंडीवाऱ्यात त्यावर डोक्यातून घालायचे, सगळीकडून बंद असे वस्त्र पांघरत. अंगरख्याचा आल्ब झाला आणि पांघरायच्या वस्त्राचा चॅझुबल. या शब्दाचे मूळ लॅटिनमध्ये ‘छोटे घर’ या अर्थाचे आहे. घरासारखे अंगाला सगळीकडून झाकते म्हणून हे नाव. डीकनचे डाल्मॅटिक हे वस्त्र तर आजच्या क्रोएशियाच्या किनारपट्टीवरील डाल्मेशिया प्रांताच्या नावाने ओळखले जाते.

पुढे रोमन सत्ता खिळखिळी झाली, उत्तरेकडच्या टोळ्यांचा प्रभाव वाढला आणि पुरुषांचे कपडे आखूड झाले. चर्चमध्ये मात्र जुनी लांब वस्त्रेच राहिली. फॅशन बदलली, धर्मगुरू बदलले नाहीत आणि कालचा रोजचा पोशाख आजचा धार्मिक पोशाख ठरला.

या इतिहासातली सर्वांत बोलकी गोष्ट इ. स. ४२८ ची आहे. आजच्या दक्षिण फ्रान्समधील काही बिशप वेगळ्या धाटणीचे कपडे घालू लागले होते. तेव्हाचे पोप सेलेस्टिन पहिले यांनी पत्र लिहून त्यांची कानउघाडणी केली. धर्मगुरूची ओळख शिकवणीतून आणि वागण्यातून पटावी, कपड्यांतून नव्हे, असा त्या पत्राचा आशय होता. म्हणजे कपड्यांवरून झालेला हा एक अगदी जुना वाद आणि त्यात वेगळ्या पोशाखाला विरोध करणारे खुद्द पोपच होते.

मग या वस्त्रांना अर्थ कसा चिकटला?

कपडे वेगळे झाल्यावर त्यांचे अर्थ लावले गेले. पांढरा आल्ब म्हणजे शुद्धता. सगळ्यावर पांघरलेला चॅझुबल म्हणजे सगळे झाकून घेणारी प्रीती. स्टोल म्हणजे सेवेचा अधिकार. डीकन तो डाव्या खांद्यावरून तिरका घेतो, तर प्रीस्ट गळ्यातून दोन्ही बाजूंना सरळ सोडतो. जाणकार माणसाला स्टोल बघून समोरची व्यक्ती कोण ते कळते. आर्चबिशपच्या खांद्यावरची पॅलियम नावाची पांढरी पट्टी मेंढीच्या लोकरीची असते. हरवलेले कोकरू खांद्यावर घेऊन येणाऱ्या मेंढपाळाची ती खूण आहे.

रंगांचेही वेळापत्रक आहे. नाताळ आणि ईस्टरला पांढरा. नाताळपूर्व आगमनकाळात आणि ईस्टरपूर्व उपवासकाळात जांभळा. गुड फ्रायडे, पेंटेकॉस्ट आणि रक्तसाक्षी संतांच्या दिवशी लाल. वर्षाच्या उरलेल्या सामान्य काळात हिरवा. वर्षातून फक्त दोन रविवारी गुलाबी वापरता येतो. १५७० मध्ये पोप पायस पाचवे यांनी मिस्सेचे प्रमाणित पुस्तक काढले तेव्हा रंगांचे नियम बहुतांशी पक्के झाले.

यातून एक गोष्ट लक्षात येते. उपासनेच्या वेळी आज कोणता रंग घालायचा, हे धर्मगुरूची आवड ठरवत नाही, ते पंचांग ठरवते. फादर जाड असो वा सडपातळ, श्रीमंत घरातला असो वा गरीब, चॅझुबलखाली तो झाकला जातो. न्यायाधीशाचा काळा गाऊन जे काम करतो, तेच काम हे वस्त्र करते. समोर अमुक एक माणूस नाही, एक जबाबदारी उभी आहे, असे ते सांगते. त्यामुळे उपासनेच्या वस्त्रांना सरसकट थाटमाट म्हणणे अन्यायाचे आहे.

दरबारी थाट कुठून आला?

थाट आला तो दुसऱ्या प्रकारात. पोप शतकानुशतके मध्य इटलीतील मोठ्या प्रदेशाचे राजेही होते आणि कार्डिनल हे त्या राज्यातले सरदार. त्यामुळे मखमल, रेशीम, लेस, मुकुट हे सगळे राजदरबारातून चर्चमध्ये आले. कार्डिनलच्या समारंभी झग्याला मागे कित्येक मीटर लांब शेपूट असे आणि ती उचलून धरायला माणूस लागे.

ही झूल उतरवण्याचे काम फ्रान्सिस यांच्यापासून सुरू झाले, असा अनेकांचा समज आहे. तो चुकीचा आहे. १९५२ मध्ये पोप पायस बारावे यांनीच ती शेपूट निम्मी केली आणि रेशमाचा सोसही कमी करायला लावला. १९६४ मध्ये पोप पॉल सहावे यांनी आपला तिहेरी मुकुट सेंट पीटर्स बॅसिलिकाच्या वेदीवर ठेवला. तो आज अमेरिकेत वॉशिंग्टनमधील एका मोठ्या चर्चमध्ये बघायला मिळतो. १९६९ मध्ये कार्डिनल आणि बिशपांचा पोशाख आणखी सुटसुटीत करण्यात आला. २०२२ मध्ये सिसिलीच्या धर्मगुरूंशी बोलताना फ्रान्सिस यांनी आजीच्या काळातली लेस अजून किती दिवस घालणार, असा चिमटा काढला, तो याच प्रवाहातला होता.

कपड्यांवरून तुरुंगात कोण गेले?

प्रॉटेस्टंट सुधारणेच्या काळात हा वाद टोकाला गेला. १५५० मध्ये इंग्लंडमधील जॉन हूपर यांची ग्लॉस्टरच्या बिशपपदी निवड झाली, पण त्यासाठी ठरलेली वस्त्रे घालायला त्यांनी नकार दिला. ही जुन्या अंधश्रद्धेची निशाणी आहे, असे त्यांचे म्हणणे होते. सरकारने त्यांना तुरुंगात टाकले. अखेर त्यांनी वस्त्रे घालायचे मान्य केले, तेव्हाच १५५१ मध्ये त्यांना बिशपपदाची दीक्षा मिळाली.

सव्वातीनशे वर्षांनी चक्र उलटे फिरले. १८७४ मध्ये ब्रिटनच्या संसदेने उपासनेच्या पद्धतींवर नियंत्रण आणणारा कायदा केला. त्यानंतर जुन्या कॅथलिक पद्धतीची वस्त्रे आणि विधी सोडायला तयार नसलेल्या अँग्लिकन धर्मगुरूंवर खटले भरले गेले. काहींना तुरुंगवास घडला. एकाच देशात, एकाच चर्चमध्ये एकजण वस्त्रे घालत नाही म्हणून आत गेला आणि दुसरे घालतात म्हणून. दोन्ही वेळा भांडण कापडाचे नव्हते. अधिकार कुणाचा, याचे होते.

भारतात वेष बदलला तेव्हा काय झाले?

भारतातला सर्वांत गाजलेला वाद रॉबर्ट डी नोबिली यांचा. हे इटालियन जेझुइट १६०५ मध्ये गोव्यात उतरले आणि पुढे मदुराईला गेले. युरोपीय धर्मगुरूचा काळा झगा बघून तिथली उच्चवर्णीय मंडळी दूर राहतात, हे लक्षात आल्यावर त्यांनी संन्याशाची भगवी वस्त्रे स्वीकारली, मांसाहार सोडला, संस्कृत आणि तमिळ शिकून घेतले. ख्रिस्ती झालेल्यांनी शेंडी, जानवे आणि चंदनाचा टिळा ठेवावा का, हा प्रश्नही त्यातूनच निघाला.

सहकाऱ्यांनी तक्रारी केल्या. १६१९ मध्ये या प्रश्नावर गोव्यात धर्मसभा भरली आणि तिथे आर्चबिशपसह अनेक जण डी नोबिलींच्या विरोधात गेले. प्रकरण रोमला पोहोचले. १६२३ मध्ये पोप ग्रेगरी पंधरावे यांनी काही अटी घालून या चालीरीतींना परवानगी दिली.

डी नोबिलींना आज अनेकजण भारतीय वळणाच्या ख्रिस्ती धर्माचे अग्रदूत मानतात. पण नाण्याला दुसरी बाजू आहे. भगव्या वस्त्रांबरोबर त्यांनी जातीची चौकटही स्वीकारली. पुढे मदुराई मिशनमध्ये उच्च जातींसाठी वेगळे आणि कनिष्ठ मानल्या गेलेल्या जातींसाठी वेगळे मिशनरी काम करू लागले. त्यांचे वेषही वेगळे होते. कपडे बदलले, उतरंड तशीच राहिली.

दुसरा टप्पा १९६९ चा. भारतीय बिशपांच्या विनंतीवरून व्हॅटिकनने उपासनेतील १२ बदलांना मान्यता दिली. त्यात हात जोडून नमस्कार, आरती, जमिनीवर बसणे यांच्याबरोबर वस्त्रांचाही समावेश होता. पारंपरिक रोमन वस्त्रांऐवजी साधा अंगरखा आणि अंगवस्त्राच्या धाटणीचा स्टोल चालेल, असे ठरले. कीर्तनकाराच्या खांद्यावर उपरणे असते, तशी शाल घेतलेले फादर त्यानंतर काही ठिकाणी दिसू लागले.

त्यालाही विरोध झाला. चर्चचे हिंदूकरण होत आहे, अशी ओरड परंपराप्रिय कॅथलिकांनी केली. दलित ख्रिस्ती विचारवंतांचा आक्षेप वेगळा आणि अधिक नेमका होता. भारतीय म्हणून जे आणले जाते ते उच्चवर्णीय, संस्कृतप्रचुर परंपरेतलेच का? ज्या चौकटीतून बाहेर पडायला आमच्या पूर्वजांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तीच चौकट वेदीवर कशाला? या प्रश्नाला समाधानकारक उत्तर अजून मिळालेले नाही. ‘आपला’ पोशाख निवडतानाही ‘आपण’ म्हणजे कोण, हे आधी ठरवावे लागते.

फोटोवरून माणूस ओळखता येतो का?

आता पुन्हा बाल्कनीकडे येऊ. फ्रान्सिस यांनी केप नाकारला त्यामागे प्रामाणिक भावना होती, यात शंका नाही. पण पोपने ठरलेला गणवेश नाकारला की सगळ्यांची नजर पोपवर खिळते. साधेपणाही मग त्या व्यक्तीची ओळख बनतो. याउलट लिओ यांनी केप घातला तेव्हा ‘मी कसा आहे ते बघू नका, हे पद माझ्याआधी होते आणि नंतरही राहील’ असा अर्थही निघू शकतो. गणवेश घालणे हीसुद्धा नम्रता असू शकते.

कपड्यांवरून किती चुकीचे निष्कर्ष निघतात, याची उदाहरणे ताजी आहेत. पोप बेनेडिक्ट सोळावे यांचे लाल बूट एका महागड्या इटालियन ब्रँडचे आहेत, अशी आवई उठली. २००८ मध्ये व्हॅटिकनच्या दैनिकाला ती खोडून काढावी लागली. २००५ च्या डिसेंबरमध्ये त्यांनी मखमलीची लाल टोपी घातली, तर त्यांना सांताक्लॉज ठरवून मध्ययुगाकडे परतण्याचा इशारा त्यात शोधला गेला. नंतर त्यांनीच एका मुलाखतीत सांगितले, की थंडी वाजत होती एवढेच, आणि उगाच अर्थ काढले जाऊ नयेत म्हणून ती टोपी पुन्हा घातली नाही.

मार्च २०२३ मध्ये तर पोप फ्रान्सिस यांचा पांढऱ्या फुगीर जाकिटातला फोटो जगभर व्हायरल झाला. तो कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेला होता. असंख्य लोकांनी तो खरा मानला, कारण पोपचे कपडे म्हणजे पोपचा संदेश, हे समीकरण डोक्यात पक्के बसलेले होते.

मग खरा प्रश्न कोणता?

कापडाकडे बघत बसण्याची खरी किंमत वेगळ्याच लोकांनी मोजली आहे. झगा बघितला की लोक विश्वास टाकतात. आईवडील मुलांना निर्धास्तपणे सोपवतात, तक्रार आली तर आधी तक्रारदारावर संशय घेतात. अनेक देशांत उघड झालेल्या लैंगिक शोषणाच्या प्रकरणांत या विश्वासाचा गैरफायदा घेतला गेला.

वॉशिंग्टनचे माजी आर्चबिशप थिओडोर मॅकॅरिक यांचे उदाहरण बघा. कार्डिनलचा लाल रंग म्हणजे श्रद्धेसाठी रक्त सांडण्याची तयारी. मॅकॅरिक यांना २००१ मध्ये तो रंग मिळाला. त्याआधीच त्यांच्या वर्तनाबद्दल वरिष्ठांना सावध केले गेले होते, तरीही त्यांची बढती झाली. हे व्हॅटिकनच्याच नोव्हेंबर २०२० च्या अहवालातून समोर आले. २०१८ मध्ये त्यांना कार्डिनलपद सोडावे लागले आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये चर्चने त्यांचे धर्मगुरूपदच काढून घेतले. झगा उतरायला फार उशीर झाला होता. त्यांच्या अंगावरचे कपडे साधे होते की शाही, याने पीडितांना काहीही फरक पडला नसता.

पोशाख साधा असावा, ही अपेक्षा चूक नाही. ज्या चर्चचा संस्थापक गोठ्यात जन्मला असे ते चर्च मानते, त्याच्या धर्मगुरूंनी रेशीम आणि लेस मिरवू नये, हे बरोबरच आहे. पण साध्या पोशाखालाच चारित्र्याचे प्रमाणपत्र मानले, तर भोंदूंची मोठी सोय होते. साधे कपडे शिवून घेणे फार सोपे असते. हा मुद्दा फक्त ख्रिस्ती धर्मगुरूंपुरता नाही. भगवे, पांढरे, हिरवे, काळे, कोणत्याही रंगापुढे हात जोडण्याची सवय असलेल्या समाजाने तो आपल्यालाही लावून बघावा.

लिओ चौदावे यांच्या कारकिर्दीचे मूल्यमापन लाल केपवरून होऊ नये. जगभरच्या सुमारे १४० कोटी कॅथलिकांचे चर्च पीडितांचे ऐकते का, दोषींना पाठीशी घालणाऱ्या बिशपांवर कारवाई होते का, पैशांचा हिशेब उघड होतो का, भारतासारख्या देशात दलित ख्रिश्चनांना चर्चमध्ये बरोबरीचे स्थान मिळते का, यावरून ते व्हावे. पोशाख पदाचा असतो, हिशेब माणसाला द्यावा लागतो. पोप सेलेस्टिन यांनी हे जवळपास सोळाशे वर्षांपूर्वी पत्रातून कळवले होते. ते पत्र आजही जुने झालेले नाही.